विधेयक कुठं अडतं, कुठं सुटतं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या सत्राचा विषय ‘संसदेत कायदा कसा होतो?’ असा दिला आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा वाटावा असाच आहे तो. शाळेत आपण सगळ्यांनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरून गेलो. मीही विसरले होते. मला तो पुन्हा वाचायला लावला आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईनं.

जानेवारी २०१८ची गोष्ट. पंचविशीतली ती मुलगी, कडेवर लहान मूल, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. नवऱ्यानं फोनवर तीनदा तलाक म्हणून तिला माहेरी बसवलेलं. आल्या आल्या कात्रण टेबलावर ठेवून म्हणाली, ‘आपा, कायदा हो गया ना?’ कात्रण खरं होतं. २८ डिसेंबर २०१७ रोजी लोकसभेनं मुस्लिम महिला (विवाह हक्क संरक्षण) विधेयक मंजूर केलं होतं. त्या दिवशी आम्ही केंद्रात पेढेही वाटले होते. पण कायदा झाला नव्हता. मी तिला म्हटलं, अजून राज्यसभा आहे, मग राष्ट्रपतींची सही आहे. ती म्हणाली, मग टीव्हीवर मंजूर झालं म्हणाले ते काय होतं? मी मला जमेल तसं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे अजून त्यात बदल होऊ शकतो?’ मी म्हटलं, हो. ‘मग त्यांना सांगा ना. तो तीन वर्षं आत गेला तर मला पैसे कोण देणार? मला पोटगी पाहिजे आणि राहायला जागा पाहिजे.’

तिचं म्हणणं मला पटलं. पण ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, कोणत्या कागदावर सांगायचं, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं कायद्याची मागणी करणाऱ्या चळवळीतली मी कार्यकर्ती, आणि कायदा प्रत्यक्ष होत असताना मला त्याचा रस्ता ठाऊक नव्हता. आज मी जे बोलणार आहे ते त्या लाजेपोटी शिकलेलं आहे.

आपल्या चळवळीचं आणि विधिमंडळाचं नातं जुनं आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना त्यानंतर चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी झाली. म्हणजे मंडळाच्या आधी मोर्चा झाला आणि तो गेला कायदे करणाऱ्यांच्या दारात. पण मला वाटतं, आपण त्या दाराशी घोषणा द्यायला शिकलो, निवेदन द्यायला शिकलो. आत काय चालतं हे मात्र शिकायचं राहिलं.

तर आत काय चालतं? मी तोंडी तलाकच्या विधेयकाचाच प्रवास सांगते. तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे थांबे येतात.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. हे नीट लक्षात ठेवा. त्या दिवसापासून असा तलाक दिला तरी विवाह मोडत नाही. मग कायदा कशासाठी? सरकारचं म्हणणं असं की निकालानंतरही असे तलाक दिले जात आहेत, म्हणून शिक्षा हवी. हे म्हणणं बरोबर की चूक यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू द्यात. आज आपण रस्ता बघतो आहोत.

विधेयक संसदेत येण्याआधी ते एखाद्या मंत्रालयात लिहिलं जातं आणि मंत्रिमंडळ त्याला मान्यता देतं. इथं पहिलं दार आहे. २०१४ साली केंद्र सरकारनंच धोरण ठरवलं की विधेयकाचा मसुदा आधी किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवावा, लोकांची मतं घ्यावीत. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून विधेयक बाद होत नाही. तलाकच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला राज्य सरकारांकडे मतासाठी गेला आणि त्याच महिन्यात लोकसभेत मंजूरही झाला. लोकांसमोर तीस दिवस ठेवायला मधे तीस दिवस होतेच कुठं?

मग विधेयक सभागृहात मांडलं जातं. कागदावर तीन वाचनं असतात. मांडणं हे पहिलं वाचन. दुसऱ्यात आधी सर्वसाधारण चर्चा आणि मग एकेका खंडावर विचार, दुरुस्त्या, मतदान. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक मंजूर करायचं की नाही एवढाच प्रश्न. मांडायलाच विरोध करता येतो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. २१ जून २०१९ला हेच विधेयक नव्यानं मांडलं गेलं तेव्हा विरोधकांनी मांडण्यावरच मतविभाजन मागितलं; बाजूनं १८६ आणि विरोधात ७४ मतं पडली. तसं सहसा होत नाही. सहसा आवाजी मतदानानं काम चालतं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘ना’ म्हणतात, आणि अध्यक्ष आवाज ऐकून निर्णय देतात. कुणी मतविभाजन मागितलं तरच कोणी कुठं मत दिलं याची नोंद राहते. आपल्या खासदारानं काय केलं हे आपल्याला कळायचं असेल, तर मतविभाजन व्हावं लागतं.

पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मधे संसदेतली सगळ्यात कामाची जागा येते. ती म्हणजे समिती. टीव्हीवर ती दिसत नाही. १९९३ पासून प्रत्येक खात्यासाठी स्थायी समित्या आहेत. शिवाय एखाद्या विधेयकापुरती प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमता येते. आपल्या विधिमंडळात तिला चिकित्सा समिती म्हणतात, आणि तो शब्द मला जास्त आवडतो. समितीत भाषणबाजी कमी असते कारण कॅमेरे नसतात. तिथं अधिकाऱ्यांना बोलावून एकेका शब्दाबद्दल विचारता येतं. आणि तिथं तुमच्या-माझ्यासारखी व्यक्ती लेखी निवेदन देऊ शकते, समितीनं बोलावलं तर समोर बसून साक्ष देऊ शकते. संसदेच्या सगळ्या प्रवासात सामान्य नागरिकाला आत येता येतं अशी हीच एक जागा.

पण विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे असं बंधन नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेनं काढलेल्या आकड्यांप्रमाणे पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. तोंडी तलाकचं विधेयक २०१७ साली ज्या दिवशी लोकसभेत मांडलं गेलं त्याच दिवशी मंजूर झालं. ते २०१७, २०१८ आणि २०१९ असं तीनदा लोकसभेत आलं, तिन्ही वेळा मंजूर झालं आणि एकदाही कोणत्याही समितीकडे गेलं नाही. जेमतेम सात-आठ कलमांचं विधेयक, आणि ज्यांच्या संसाराबद्दल ते होतं त्यांच्यातल्या एकीचीही साक्ष कोणत्याही संसदीय समितीनं घेतली नाही. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलीला मी ‘त्यांना सांगते’ असं म्हणू शकले नाही, त्याचं अर्धं कारण माझं अज्ञान. उरलेलं अर्धं हे, की सांगायला जागाच ठेवली नव्हती.

आता राज्यसभा. ३ जानेवारी २०१८ला विधेयक तिथं आलं. तिथं सरकारकडे बहुमत नव्हतं. विरोधकांनी ते प्रवर समितीकडे पाठवायची मागणी केली आणि विधेयक अडलं. आपल्यातले अनेक जण तेव्हा चिडले होते. मीही चिडले होते. इतक्या वर्षांनी आलेलं विधेयक हे लोक अडवतायत, असं वाटत होतं. आज मागे वळून बघते तेव्हा वेगळं दिसतं. डिसेंबर २०१७च्या मसुद्यात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होता, आणि तक्रार कुणी करायची यावर मर्यादा नव्हती. म्हणजे शेजारी-पाजारी, गावातला वैरी, कुणीही पोलिसांत जाऊ शकला असता. बाईला काय हवं हे विचारायची गरज नव्हती. विधेयक अडल्यावर टीका झाली, चर्चा झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनं स्वतःच तीन बदल स्वीकारले. तक्रार फक्त ती स्त्री किंवा तिचे रक्ताचे वा विवाहानं झालेले नातेवाईक करू शकतील. तिनं विनंती केली तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं तडजोड होऊ शकेल. आणि तिचं म्हणणं ऐकून न्यायदंडाधिकारी जामीन देऊ शकतील. आज आपल्या केंद्रांमध्ये समेटाची जी काही बोलणी होतात, ती या दुसऱ्या बदलामुळे शक्य होतात. विधेयक अडलं तेव्हाच ते थोडं सुधारलं. दुसरं सभागृह कशासाठी, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

अडलेल्या विधेयकाला सरकारनं दुसरी वाट काढली. अध्यादेश. राज्यघटनेच्या १२३व्या अनुच्छेदाप्रमाणे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अध्यादेश काढू शकतात. पण अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेनं तो कायद्यात बदलला नाही तर तो संपतो. पहिला अध्यादेश १९ सप्टेंबर २०१८ला निघाला. डिसेंबरात लोकसभेनं सुधारित विधेयक २४५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केलं, राज्यसभेत ते पुन्हा अडलं. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा अध्यादेश, फेब्रुवारीत तिसरा. संसदेच्या एका सभागृहानं संमती दिलेली नसताना त्या दहा महिन्यांत हा कायदा अध्यादेशांवर चालू होता. आपल्याला आवडणाऱ्या कायद्यासाठी ही वाट बरी वाटते. पण उद्या न आवडणारा कायदा याच वाटेनं आला तर आपण कोणत्या तोंडानं बोलणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक आपोआप रद्द झालं. लोकसभेनं मंजूर केलेलं पण राज्यसभेत पडून असलेलं विधेयक लोकसभा विसर्जित होताच मरतं, असा नियम आहे. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथंच प्रलंबित असलेलं विधेयक मात्र मरत नाही. म्हणून विधेयक आधी कुठं मांडलं जातं याकडेही लक्ष ठेवावं.

नवीन लोकसभा आली. २५ जुलै २०१९ला लोकसभेत ३०३ विरुद्ध ८२. आणि ३० जुलैला राज्यसभा. आधी विधेयक प्रवर समितीकडे पाठवा हा प्रस्ताव ८४ विरुद्ध १०० मतांनी पडला. मग विधेयक ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. दोन्ही बाजू मिळून १८३ मतं. राज्यसभेची पूर्ण सदस्यसंख्या २४५ असते. उरलेले कुठं होते? काही जागा रिकाम्या असतील, काही गैरहजर. पण जनता दल (युनायटेड) आणि अण्णाद्रमुक या पक्षांनी विधेयकाविरुद्ध भाषणं केली आणि मतदानाआधी सभात्याग केला.

इथं थोडं थांबते, कारण हे गणित आपल्या लक्षात येत नाही. साधं विधेयक मंजूर व्हायला सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागत नाही. हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. म्हणजे जो सदस्य विरोधात बोलतो आणि उठून बाहेर जातो, तो विधेयकाला लागणारा आकडा खाली आणतो. गावी आल्यावर तो म्हणतो, मी विरोध केला. त्यानं विरोध केला नाही, त्यानं वाट मोकळी करून दिली. यापुढं खासदाराला भेटाल तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूनं बोललात हे विचारू नका. मत कुठं दिलंत, ते विचारा.

दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला राष्ट्रपतींची सही झाली आणि तो २०१९चा विसावा कायदा झाला. अंमल मात्र १९ सप्टेंबर २०१८ पासून, म्हणजे पहिल्या अध्यादेशाच्या तारखेपासून धरला गेला. सही ही नेहमीच औपचारिकता असते असं समजू नका. राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. १९८६ सालचं टपाल कायदा दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही न करता तसंच ठेवलं आणि ते कायदा झालंच नाही.

दोन अपवाद सांगून पुढं जाते. धनविधेयक असेल तर राज्यसभा फक्त चौदा दिवस ठेवून शिफारशी करू शकते. अडवू शकत नाही. आणि दोन्ही सभागृहांचं जमलंच नाही तर संयुक्त बैठक होते. आजवर तीनदाच अशा बैठकीत विधेयकं मंजूर झाली. पहिलं होतं १९६१चं हुंडाबंदीचं. बायकांच्या हक्काच्या कायद्यावरून दोन सभागृहांचं न जमणं जुनंच आहे, एवढं त्यातून कळतं.

आता मागे जाऊ. ‘मुसलमानांच्या कायद्यात बाहेरच्यांनी हात घातला’ असं नेहमी बोललं जातं, तेव्हा एक आठवण द्या. १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, ज्याच्या आधारानं आजही आपल्या बहिणी कोर्टातून फस्ख मिळवतात, तो केंद्रीय विधानसभेतल्या काझी मुहम्मद अहमद काझमी या मुस्लिम सदस्याच्या खासगी विधेयकातून आला. नवरा परागंदा झालेल्या, जाचाला कंटाळलेल्या बायका सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या होत्या. त्या प्रश्नावर मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांनी विचार केला, मालिकी मताचा आधार शोधला आणि सभागृहात एका सदस्यानं विधेयक आणलं. उलेमा, वकील आणि सदस्य या तिघांचं काम एकाच कागदात उतरलं. स्वातंत्र्यानंतरही खासगी सदस्याचं जे पहिलं विधेयक कायदा झालं, ते मुस्लिम वक्फचंच. मात्र खासगी विधेयकातून कायदा होण्याचे प्रसंग आजवर फक्त चौदा, आणि शेवटचा १९७० सालचा. ते दार उघडं आहे, पण पन्नासहून अधिक वर्षांत कुणी त्यातून पार गेलेलं नाही.

१९८६ तर आपल्या सगळ्यांना सलतं. २३ एप्रिल १९८५ला शाहबानो निकाल आला. त्याच वर्षी आपल्याकडे तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला होता. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं निकाल फिरवणारं विधेयक मांडलं. आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडलं. सत्ताधारी पक्षानं पक्षादेश काढला आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. पक्षांतरबंदी आदल्याच वर्षी आली होती, त्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकत होती. एकेका खासदाराच्या सदसद्विवेकाला साद घालण्यापेक्षा पक्षाचं मत ठरण्याआधी पक्षाशी बोललं पाहिजे, हा त्यातला धडा. व्हिप निघाल्यावर आपलं निवेदन वाचून उपयोग नसतो.

पण त्याच कायद्यातला दुसरा धडा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात लिहिलं होतं की नवऱ्यानं वाजवी आणि न्याय्य तरतूद ‘इद्दतच्या काळात’ करावी. सगळ्यांनी अर्थ घेतला की फक्त तीन महिन्यांची पोटगी. शाहबानोचे वकील दानियल लतीफी स्वतः या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली न्यायालयानं सांगितलं: कायदा ‘इद्दतच्या काळात’ म्हणतो, ‘इद्दतच्या काळापुरती’ म्हणत नाही. तरतूद त्या मुदतीत करायची आहे, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्यासाठी आहे. एका शब्दानं हजारो बायकांच्या पोटापाण्याचा प्रश्न बदलला. म्हणून मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगते, विधेयकाचं नाव वाचून आनंद किंवा संताप करू नका. कलमं वाचा. शब्द वाचा. आम्ही २०१७ साली पेढे वाटले ते नाव वाचून.

आता अलीकडचं, वक्फचं. ८ ऑगस्ट २०२४ला विधेयक मांडलं गेलं आणि या वेळी ते संयुक्त समितीकडे गेलं. लोकसभेचे एकवीस, राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य. समिती सप्टेंबरमध्ये मुंबईतही आली होती. समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदनं आली असं सरकारनं सांगितलं. आपल्यातल्या किती जणांनी पाठवलं? हात वर करा. बरेच आहात. आता खरं सांगा, स्वतः लिहून किती जणांनी पाठवलं आणि मोबाईलवर आलेला तयार मजकूर किती जणांनी पुढं ढकलला? बघा, हात खाली आले.

मी कुणाला दोष देत नाही. मीही दोन्ही प्रकार केले. पण समितीत बसलेल्या माणसाच्या बाजूनं विचार करा. एकाच मजकुराची दहा लाख निवेदनं आली तर त्याच्या लेखी ते एकच निवेदन असतं, फक्त मोठ्या आवाजातलं. त्याच्या उपयोगाचं निवेदन वेगळं असतं. ‘अमुक तालुक्यातल्या कब्रस्तानाची नोंद अशी आहे, वापर इतक्या वर्षांचा आहे, कागद हा आहे, अमुक खंडातल्या या शब्दामुळे ही जमीन वादात जाईल, त्याऐवजी हा शब्द घाला.’ असं पानभर लिहिलेलं.

समितीत सत्ताधारी आघाडीच्या चौदा दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, विरोधकांच्या ४४ फेटाळल्या गेल्या. मग समितीचा काय फायदा, असं कुणी म्हणेल. पण त्या चौदांमधली एक बघा. मूळ विधेयकात ‘वापरानं झालेला वक्फ’ ही कल्पनाच काढून टाकली होती. समितीनंतर असं आलं की कायद्याआधी नोंदणी झालेले असे वक्फ कायम राहतील. फक्त ज्यांबद्दल वाद आहे किंवा ज्या सरकारी मालमत्ता म्हटल्या जातात त्या वगळून. हे पुरेसं नाही असं अनेकांचं मत आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं आहे. पण मूळ मसुदा आणि शेवटचा कायदा यांत अंतर पडलं ते या टप्प्यावर पडलं. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी ते मंजूर झालं, ५ तारखेला सही झाली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. यातही मला दुसरी बाजू बोलायची आहे. वक्फ मंडळांच्या कारभारात बायकांना, गरिबांना, मागास बिरादऱ्यांना काय मिळालं, हा प्रश्न आपण स्वतः आधी विचारला असता, स्वतःचा मसुदा घेऊन गेलो असतो, तर तो प्रश्न दुसऱ्या कुणाला हत्यार म्हणून सापडला नसता.

चिकाटी कशी असते हे बघायला फार लांब जायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती वर्षं घालवली! विधानसभेनं २००५ साली मंजूर केलेलं विधेयक विधान परिषदेत अडलं. मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, कलमं गाळली, शब्द बदलले. ते आमदारांना भेटत राहिले, वारकऱ्यांशी बोलत राहिले. २० ऑगस्ट २०१३ला त्यांची हत्या झाली, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यांना तो बघायला मिळाला नाही. पण तो झाला तेव्हा त्याची कलमं तयार होती, कारण चळवळीनं ती स्वतः लिहिली होती. आपल्याकडे तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चे होते, निवेदनं होती, पुस्तकं होती. कलमं नव्हती. म्हणून सरकारनं स्वतःची कलमं आणली, तेव्हा आपल्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आलं.

आता काय करायचं ते थोडक्यात. प्रत्येक जिल्ह्यात दोन माणसं तरी अशी हवीत की जी अधिवेशनाआधी येणाऱ्या विधेयकांची यादी वाचतील. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाचा पूर्ण मजकूर असतो. तो काढून आधी शेवटचं ‘उद्देश व कारणे’ हे निवेदन वाचायचं, मग एकेक खंड. मराठीत आणि उर्दूत अर्ध्या पानाचा गोषवारा करायचा आणि तो महिलांच्या बैठकीत वाचून दाखवायचा. त्यांना विचारायचं, तुमच्यावर काय परिणाम होईल? त्या जे सांगतील ते खंडाचा क्रमांक घालून लिहायचं. समितीनं सूचना मागवल्या तर मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, म्हणून ही तयारी आधी हवी. तोंडी साक्षीची इच्छा आहे, हे निवेदनातच लिहायचं. समिती नसेल तर ते पान खासदाराकडे, आणि लोकसभेतून विधेयक मंजूर होऊन राज्यसभेत जाण्याच्या मधल्या दिवसांत महाराष्ट्रातल्या राज्यसभा सदस्यांकडेही न्यायचं. आपल्याला लोकसभेचा खासदार आठवतो, राज्यसभेचे एकोणीस कुणाला आठवत नाहीत. आणि कायदा झाल्यावरही काम संपत नाही, नियम व्हायचे असतात. पोलीस ठाण्यात जे चालतं ते पुष्कळदा नियमांवर आणि परिपत्रकांवर चालतं.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिचं प्रकरण पहिल्या अध्यादेशाच्याही आधीचं. त्यामुळे नवा कायदा तिला लागू झालाच नाही. तिला जे मिळालं ते जुन्या कायद्यांतून मिळालं: कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. दीड वर्षानं पोटगीचा हुकूम झाला, नवरा तो अधूनमधून पाळतो. ती शिवणकाम करते, मुलगा शाळेत जातो.

मधे एकदा ती केंद्रात आली होती. मी तिला २०१९च्या कायद्याची प्रत दाखवली आणि सांगितलं, बघ, तडजोड करायची की नाही हे आता बाईनं ठरवायचं, असं कलम आलं आहे. तू त्या दिवशी साधारण हेच म्हणत होतीस. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, ‘तुम्ही सांगितलंत त्यांना?’

मी म्हटलं, नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं कुठं सांगायचं.

पुढच्या वेळी तिनं विचारलं तर मला हो म्हणता यायला हवं. तुम्हालाही. म्हणून हा रूक्ष विषय आज तुमच्यापुढं ठेवला. आता चहा घेऊ, आणि त्यानंतर गटांत बसून प्रत्येकानं एका विधेयकाचा एक खंड वाचायचा आहे. प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.